खडू

पहिल्यांदा लगमव्वाच्या लक्षात आलं.
"अक्का, खडू कोण खातंय?"
कापडावर खुणा करायचा त्रिकोणी पांढरा खडू,
डझनाचा डबा पंधरा दिवस पुरेना.
उंदीर असतील, म्हणाले.
तिनं माझ्या ओठांकडे बघितलं
आणि काजं करायला बसली.

अनगोळात माझं शिवणाचं दुकान.
बावीस वर्षं बायकांची मापं घेते.
स्वतःचं घेत नव्हते.
टेप पुरली नसती असं नाही,
पुरली असती तर आकडा वाचावा लागला असता.

मग कोल्हापूरला जाऊन पोट लहान करून आले.
आमटीच्या वाटीएवढं उरलं.
वर्षात एक्केचाळीस किलो गेले.
माझेच ब्लाउज उसवत गेले, आत घेत गेले,
उरलेल्या कापडात लगमव्वाच्या नातीचं झबलं झालं.

लोक म्हणाले, बारीक झालीस गे.
मग म्हणाले, गोरी झालीस.
हळदीकुंकवाला कुलकर्ण्यांच्या सुनेनं
बाजूला घेऊन विचारलं, कुठलं क्रीम?
आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी गोरी म्हटलं होतं.
आता कशी सांगू
की सात पायऱ्यांवर दोनदा थांबते?

केस कंगव्यात यायचे. कंगवा बदलला.
गोळ्या होत्या, चार तऱ्हेच्या,
कागदावर 'आयुष्यभर', खाली दोन रेघा.
सात महिने घेतल्या.
सगळे छान म्हणत असताना
औषध कशावर घ्यायचं?

परशराम उद्यमबागेत, फौंड्रीत.
त्याचा शर्ट भिजवला की
बादलीच्या तळाला काळा गाळ बसतो.
एकदा बोट बुडवून चाटलं.
हे अजून त्याला माहीत नाही.

लग्नसराईत सुई बोटात गेली आणि कळलीच नाही.
शालूच्या काठावर ठिपका दिसला, तेव्हा कळली.
ठिपकाही लाल म्हणावा असा नव्हता,
दोनदा धुतलेल्या कुंकवासारखा.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढली.
मग माझ्या नखावर पाण्याचा एक थेंब ठेवला.
तो ओघळला नाही.
नख मध्ये खोल गेलेलं, चमच्यासारखं,
त्यात तो बसून राहिला.
सिस्टर म्हणाली, "रक्त भाळ कडिमी ऐति."
मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली.
दोन्ही भाषांत सहा पूर्णांक चार.

काकवीच्या रंगाचं लोखंड
नळीतून थेंब थेंब येत होतं.
शेजारच्या खाटेवर खानापूरकडची बाई,
चार बाळंतपणांची, मनगट बांगडीतून निसटेल असं.
तिचंही सहाच.
तिनं मला वरून खालून बघितलं,
सैल पडलेली दंडाची कातडी बघितली.
"ताई, तुमच्याकडंबी खायला नव्हतं काय?"
होतं, म्हणाले.
ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.
दुपारी तिला उकडलेली अंडी दोन आली.
त्यातलं एक तिनं माझ्या ताटलीत ठेवलं.
मला अर्धंच जातं.
उरलेलं अर्धं तिला परत देताना
हात कुठं ठेवावा कळेना.

आता परशराम फौंड्रीतून फोन करतो.
पूर्वी विचारायचा, जेवलीस?
आता विचारतो, गोळी घेतलीस? चहा कधी प्यालीस?
मध्ये दोन तास गेले काय?
लगमव्वा खडूचा डबा कमरेच्या पिशवीत ठेवते,
मागितला की एक देते, संध्याकाळी परत घेते,
कडा तपासून.
जीभ अजून तिकडे वळते, खोटं कशाला बोलू.
पायाच्या अंगठ्यांना मशीनचा पायटा
अजून नीट लागत नाही.
ते परत येईल की नाही,
डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

काल कुलकर्ण्यांची सून माप द्यायला आली.
छातीभोवती टेप धरली, तेव्हा तोंड जवळ आलं.
"अय्या, परत सावळी व्हायला लागलीस की गे."

हो, म्हणाले.
हळूहळू.